देव कुणाला निवडतो?

पुण्यात तयार झालेला एक व्हिडिओ गेम आहे, 'राजी' नावाचा. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या कंपनीनं तो २०२० साली बाजारात आणला. राजी ही जत्रेत कसरती करणारी मुलगी, आपल्याकडच्या डोंबाऱ्याच्या पोरीसारखी. राक्षस चाल करून येतात आणि तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, उचलून नेतात. त्याला शोधायला निघालेल्या या पोरीच्या हाती दुर्गादेवीचा त्रिशूळ येतो. मग महाबलासुरापर्यंतची वाट ती देवांनी दिलेल्या शस्त्रांच्या बळावर काढते. ही कथा आपल्याला सांगतात कोण, तर साक्षात दुर्गा आणि विष्णू. दोघं वरून बघतात, आपसात बोलतात. खाली पोरगी लढते.

माझ्या नातवानं हा खेळ मला दाखवला. मी स्वतः खेळलो नाही, या वयात बोटं तेवढी चालत नाहीत. पण दोन संध्याकाळी शेजारी बसून पाहिला. खेळाच्या जाहिरातीतच म्हटलं आहे की, मानवजातीच्या रक्षणासाठी देवांनी या मुलीची निवड केली. नातवानं मध्येच खेळ थांबवला आणि मला विचारलं, "आजोबा, जगात एवढी माणसं असताना देवीनं हिलाच का निवडलं?"

आमचं औसा हे तुळजापूरच्या रस्त्यावरचं गाव. नवरात्रात आणि कोजागरीला देवीकडं निघालेली माणसं आमच्या डोळ्यांसमोरून जातात. अशा गावात ज्याचा जन्म गेला, त्याला या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ असायला पाहिजे. पण मी आठवायला लागलो तेव्हा एकाच्या जागी अनेक उत्तरं समोर आली, आणि त्यांचं एकमेकांशी काही जमेना. आज त्या उत्तरांबद्दलच बोलणार आहे.

आधी या खेळांविषयी थोडं सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांना ते फक्त 'मारामारी' म्हणून माहीत असतात. काल्पनिक दुनियेत घडणाऱ्या मोठ्या खेळांना स्वतःचं पुराण असतं. त्या दुनियेत देव किती, त्यांचं आपसात कशावरून बिनसलं, राजघराणी कोणती, कोणाला कोणाचा शाप, हे सगळं बैजवार लिहिणारी माणसं कंपन्यांत पगारावर असतात. 'एल्डर स्क्रोल्स' नावाच्या अमेरिकन मालिकेत तर खेळता खेळता उघडून वाचता येतील अशा शेकडो पोथ्या ठेवलेल्या आहेत. मात्र या पुराणांचा सांगाडा बहुधा ठरलेला. संकट येतं. देव स्वतः खाली उतरत नाहीत. ते एक माणूस निवडतात, त्याला शस्त्र देतात, खूण देतात आणि पुढं करतात.

असं का, याचं पहिलं उत्तर धंद्याचं आहे. देवच लढले तर खेळणाऱ्यानं काय करायचं? त्यानं पैसे मोजून खेळ विकत घेतलेला असतो. तेव्हा निवडलेला माणूस तोच असणार. लाखो घरांत लाखो मुलं एकाच वेळी आपापल्या पडद्यासमोर जगाचे 'एकमेव' तारणहार म्हणून बसलेली असतात. यात हसण्यासारखं आहे, पण वाईट काही नाही. ज्याला शाळेत शेवटच्या बाकावर बसवलेलं असतं, त्यालाही तास-दोन तास वाटतं की, वर कुणीतरी आपलं नाव लिहून ठेवलंय. (राजीची मात्र गंमत आहे. या खेळासाठी कंपनीनं २०१७ साली इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली होती, ती पुरी झाली नाही. देवांनी निवडलेल्या मुलीला वर्गणीदारांनी निवडलं नाही. तरीही चिकाटीनं खेळ पुरा झाला आणि पहिल्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या मोठ्या पुरस्कारांत पदार्पणाच्या खेळांमध्ये त्याला नामांकन मिळालं.)

पण याच खेळांमध्ये काही लेखक असे निघाले, ज्यांनी निवडीच्या या गोष्टीला आतूनच सुरुंग लावला. एल्डर स्क्रोल्स मालिकेतला २००६ सालचा 'ओब्लिव्हियन' घ्या. सुरुवातीला तुम्ही तुरुंगातले कैदी असता. म्हातारा सम्राट मारेकऱ्यांपासून जीव वाचवत तुमच्याच कोठडीतल्या गुप्त वाटेनं जात असतो. तो थांबतो आणि म्हणतो की, तुझा चेहरा मी स्वप्नात पाहिला आहे. झालं, निवड झाली. पुढं जग वाचवल्यावर तुम्हाला 'राज्याचा वीर' अशा अर्थाचा किताब मिळतो. तो मात्र देव देत नाहीत. राज्याचा मुख्य कारभारी देतो, रीतसर. म्हणजे स्वप्न देवाचं आणि सनद सरकारची.

त्याच्या आधीचा, २००२ सालचा 'मोरोविंड' हा खेळ याच्याही पुढं जातो. त्यात अझुरा नावाची एक देवता आहे. फार पूर्वी मारला गेलेला नेरेवार नावाचा वीर पुन्हा जन्म घेईल, असं भाकीत तिच्या नावानं चालत आलेलं आहे. खुणाही ठरलेल्या : अमुक तिथीचा जन्म, आईबापाचा पत्ता नाही. तुम्ही असता सोडून दिलेले एक कैदी. तुम्हाला जहाजातून त्या बेटावर आणून सोडलेलं असतं, तेही बादशहाच्या हुकमानं. का, तर तुमच्यात त्या खुणा जुळतात. मग तुम्ही खरेच तो पुनर्जन्म आहात, की दूरच्या प्रांतात आपलं काम काढून घ्यायला सरकारनं उभं केलेलं प्यादं आहात? खेळ याचं सरळ उत्तर देत नाही.

त्यात एक गुहा आहे. तिथं पोचल्यावर तुम्हाला कळतं की, तुम्ही पहिले नाहीत. तुमच्या आधी कितीतरी जणांना वाटलं होतं की, 'तो' मीच. त्यांच्यातही खुणा जुळल्या होत्या. ते लढले आणि मेले. त्यांची भुतं तिथं बसलेली असतात आणि तुमच्याशी बोलतात. नातवाकडून हे ऐकलं तेव्हा मी जरा चमकलोच. देवाची निवड ही आधी होणारी गोष्ट नसून जो तडीस गेला त्याच्या नावावर मागून चढणारी नोंद असू शकते, असं एक व्हिडिओ गेम सुचवत होता. जे तडीस गेले नाहीत, त्यांच्याबद्दल कुणी कथा सांगत नाही. ते गुहेत राहतात.

आता आपल्या पुराणांकडं येऊ. आपल्याकडं निवडीपेक्षा 'वर' अधिक. देव माणूस हेरत फिरत नाही. कुणीतरी तप करतो आणि देवाला यावंच लागतं. तप करणारा कोण, हे बघण्याची सोय नाही. म्हणून वर हिरण्यकशिपूलाही मिळतो आणि भस्मासुरालाही. महिषासुरालाही मिळाला, आणि त्याला पुरुषाच्या हातून मरण नाही असं झाल्यावर देवांचीच पंचाईत झाली. मग सगळ्या देवांचं तेज एकत्र होऊन दुर्गा प्रकटली. शंकरानं तिला त्रिशूळ दिला, विष्णूनं चक्र दिलं, बाकीच्यांनी आपापली आयुधं दिली. नीट बघा, हे तर राजीच्याच गोष्टीसारखं आहे. जी देवी या पोरीच्या हाती त्रिशूळ देते, तिलाही एकदा देवांनी असंच शस्त्रं देऊन पुढं केलं होतं.

आणि महाभारतात तर निवडीचं तोंडच उलटं आहे. युद्धाआधी दुर्योधन आणि अर्जुन दोघंही द्वारकेला जातात. कृष्ण झोपलेला. जागा झाल्यावर तो दोघांपुढं पर्याय ठेवतो : एका बाजूला माझी नारायणी सेना, दुसऱ्या बाजूला मी एकटा, हातात शस्त्र न घेणारा. अर्जुन सेना सोडतो आणि कृष्ण घेतो. निवड अर्जुनानं केली, देवानं नाही. देवानं फक्त दोन ताटं समोर मांडली. दुसरा माणूस कर्ण. तो सूर्याचा मुलगा, कवचकुंडलं घेऊन जन्मलेला. याहून मोठी खूण ती कोणती? तो सूर्य त्याच्या स्वप्नात येऊन बजावतो की, इंद्र ब्राह्मणाच्या वेषात मागायला येईल, देऊ नकोस. कर्ण नाही म्हणतो. दिलेला शब्द आणि आपली कीर्ती त्याला जिवाहून मोठी वाटते. ज्या देवानं त्याला खूण दिली, त्याचाच सल्ला तो मोडतो. खेळांच्या पुराणांत निवडलेला वीर असा 'नाही' क्वचितच म्हणतो. म्हणाला तर खेळ तिथंच संपायचा.

मराठी माणसाला मात्र या विषयात सगळ्यांत आधी आठवतात ते शिवाजी महाराज आणि तुळजाभवानी. देवीनं तलवार दिली, हे चित्र आपण कॅलेंडरांवर आणि देवघरात लहानपणापासून बघत आलो. महाराजांच्या हयातीत कवींद्र परमानंदानं लिहिलेल्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात अफजलखानाच्या भेटीआधी देवी प्रकटते. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीतही भवानीचा दृष्टांत आहे. या गोष्टी खऱ्या की खोट्या, या वादात मला जायचं नाही. मला ओढ आहे ती बखरीतल्या दुसऱ्या एका प्रसंगाची, ज्याचं चित्र कॅलेंडरावर कधी येत नाही.

१६६५ साली मिर्झाराजा जयसिंग प्रचंड फौज घेऊन आला. पुरंदराला वेढा पडला. सभासद सांगतो की, त्या वेळी भवानी बोलली. पण काय बोलली? 'जा, त्याला मार' असं नाही. या वेळचा प्रसंग कठीण आहे, जयसिंगाला मारता येणार नाही, त्याला भेटावं लागेल, दिल्लीला जावं लागेल, तिथं संकट येईल, पण मी सोबत आहे, असा त्या बोलण्याचा आशय. खानाच्या वेळी पाठीशी राहिलेली देवी या वेळी माघार घ्यायला सांगते. खेळातल्या कुठल्याही देवीनं आपल्या वीराला 'तह कर' असं सांगितल्याचं माझ्या नातवाला काही आठवलं नाही.

आणि तिथंच देवी आणखी एक गोष्ट सांगते : हे राज्य एका पिढीपुरतं दिलेलं नाही, सत्तावीस पिढ्यांसाठी दिलेलं आहे. आता हे लिहिलं कधी गेलं ते बघा. सभासदानं बखर लिहिली ती १६९७च्या सुमारास, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. थोरले महाराज १६८० मध्ये गेलेले. संभाजीराजांना औरंगजेबानं १६८९ मध्ये ठार केलेलं, त्याच वर्षी रायगड पडलेला. महाराष्ट्रापासून दूर तमिळ मुलखात एका किल्ल्यात छत्रपती राहताहेत आणि त्या किल्ल्याला मोगलांचा वेढा कित्येक वर्षं चाललेला आहे. १६९८ मध्ये तोही किल्ला गेला, राजाराम महाराज त्याआधी निसटले. अशा जागी बसून ज्यांनी 'सत्तावीस पिढ्या' हे शब्द ऐकले असतील, त्यांना ते कसे वाटले असतील याचा विचार करा. देवीनं निवड केली होती हे सांगण्याची गरज राज्य जोरात असताना जेवढी नसते, तेवढी ते बुडायला आल्यावर असते. याला कुणी लबाडी म्हणेल, मी म्हणणार नाही. तुटायला आलेल्या माणसांना आधार लागतो आणि तो बहुधा मागच्या काळातून आणावा लागतो.

वारकऱ्यांनी मात्र देवाचा लाडका असण्याची फारशी पत्रास ठेवली नाही. ही गोष्ट आपल्याच मातीतली आहे. संत नामदेव हे हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे, असं आपण मानतो. विठ्ठलाचा त्यांच्याइतका लाडका भक्त नाही. देव त्यांच्या हातचा नैवेद्य खातो, त्यांच्याशी बोलतो. निवडलेलाच म्हणायचा की! तर परंपरा अशी सांगते की, तेरला गोरोबाकाकांच्या घरी संत जमले होते. तेर आमच्यापासून फार दूर नाही, आताच्या धाराशिव जिल्ह्यात. तिथं मुक्ताबाईनं गोरोबांना म्हटलं, काका, तुम्ही कुंभार, तर यातली कच्ची मडकी कोणती आणि पक्की कोणती ते सांगा. गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे चिडले. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं आहे.

नामदेव रडत पंढरपूरला गेले आणि देवाला गाऱ्हाणं घातलं. खेळातला देव असता तर त्यानं आपल्या माणसाला एखादं अस्त्र दिलं असतं. विठ्ठल म्हणाला, ते खरंच बोलले, तू विसोबा खेचरांकडं जा. विसोबा औंढ्या नागनाथाच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव संतापले. विसोबा म्हणाले, माझे पाय जिथं देव नाही तिथं उचलून ठेव. ठेवावेत तिथं पिंड. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ही कथा मी पहिल्यांदा लहानपणी ऐकली ती आमच्या औशाच्या नाथ संस्थानात. हे संस्थान चक्रीभजनासाठी सगळीकडं ओळखलं जातं. कथा सांगणारे बुवा थापटण्याचा भाग आला की स्वतःच्याच डोक्यावर टपली मारून घ्यायचे आणि आम्ही पोरं हसायचो. देवानं निवडलेला माणूसही कच्चा असू शकतो, आणि ते ठरवणारा देव नसून तेरचा एक कुंभार असतो, हे कळायला मला पुढं पुष्कळ वर्षं लागली.

इथपर्यंत सगळ्या पोथीतल्या गोष्टी झाल्या. आता आजच्या दिवसांकडं येतो. घटस्थापनेच्या आधी गावोगावच्या मंडळांची पोरं तुळजापूरला जाऊन ज्योत घेतात आणि आळीपाळीनं पळत आपल्या गावी आणतात. आमच्या रस्त्यावरून रात्री-अपरात्री या ज्योती जातात, मागं टेम्पो, त्यावर गाणी. ज्योत देवीची, पण ती कुणी किती अंतर धरायची हे मंडळ ठरवतं. ज्याची दमछाक होत नाही तो जास्त पळतो. त्यात कुणाला दृष्टांत लागत नाही, आणि तरीही त्या पोरांच्या चेहऱ्यावर जे असतं ते खोटं नसतं.

याहून निराळी गोष्ट अंगात येण्याची. आपल्याकडं ज्याच्या अंगात देव येतो त्याला 'झाड' म्हणतात. शब्द मोठा नेमका आहे. झाड स्वतः काही करत नाही, वारं येतं आणि ते हलतं. बाई वर्षभर घरात कुणाच्या खिजगणतीत नसते. नवरात्रात तिच्या अंगात आलं की, सासूही हात जोडून उभी राहते, नवराही पायाशी बसतो. त्या तासाभरात ती जे बोलते ते घरातली सगळी ऐकतात. मानसशास्त्रवाले याची कारणं सांगतात आणि ती मला पटतात. पण एवढी गोष्ट दिसतेच की, देवीनं निवडलं असं म्हटल्याशिवाय त्या बाईचं कुणी ऐकलं नसतं.

आणि मग येते ती खूण, जिच्याबद्दल बोलायला मी खरं तर आज उभा राहिलो. केसांची नीट निगा राहिली नाही, त्यात तेल, घाम, धूळ बसत गेली की केस गुंततात आणि त्यांचा घट्ट दोर तयार होतो. हीच जट. यात दैवी काही नाही. पण सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकाच्या सीमेवरच्या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या जट म्हणजे यल्लमाची खूण मानली गेली. देवीनं ही पोर मागितली. मग कापायची नाही, विंचरायची नाही. आणि कित्येक घरांत पुढचं पाऊल म्हणजे पोरीला देवीला सोडायचं. खंडोबाच्या मुरळीला तर जटही लागत नसे. आईबापांचा नवस पुरे होता. मूल होऊ दे, पहिली मुलगी तुला वाहीन. मुलगी जन्मायच्या आधीच तिची निवड झालेली. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या ज्यांनी वाचल्या, किंवा त्यांच्यावर आधारलेला २००९ सालचा 'जोगवा' हा चित्रपट पाहिला, त्यांना मी वेगळं सांगायला नको.

कायदे झाले. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा आला, कर्नाटकानं १९८२ मध्ये केला, महाराष्ट्रानं २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा केला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली अंधश्रद्धा निर्मूलन समिती वर्षानुवर्षं घरोघर जाऊन, समजूत घालून जटा काढण्याचं काम करत आली आहे. हे काम कात्रीचं कमी आणि बोलण्याचं जास्त असतं. जट असलेली बाई लगेच तयार होत नाही. तिला भीती असते की, देवी कोपेल, घरात कुणाचं तरी बरंवाईट होईल. आणि कधी कधी त्या भीतीच्या खाली आणखी काही असतं. एवढी वर्षं आपण निवडलेल्या होतो. जट गेली तर मग आपण कोण?

माझी एक चुलत आत्या होती. तिचं गाव आमच्याकडून कर्नाटकाच्या बाजूला. नऊ-दहा वर्षांची असताना तिला मोठा ताप आला, महिनाभर अंथरुणाला खिळून होती, त्यात केस गुंतले. कुणी म्हणे यल्लमा, कुणी म्हणे तुळजाभवानी, पण देवीनं मागितली यावर सगळ्यांचं एकमत झालं. तिच्या गळ्यात कवड्यांची माळ आली, हातात परडी आली. तिचं लग्न झालं नाही. मंगळवारी, शुक्रवारी ती जोगवा मागायची. भाऊ-भावजया तिला मान द्यायच्या, पण शेतातला वाटा कुणी दिला नाही. देवीच्या माणसाला वाटा कशाला, असं म्हणायचे. लहानपणी मला तिची भीती वाटायची आणि अभिमानही वाटायचा. आमच्या घरात देवीनं निवडलेली बाई आहे, असं मी शाळेत सांगायचो.

मोठा झाल्यावर एकदा मी तिला विचारलं होतं, आत्या, देवीनं तुला निवडलं ते तुला कसं कळलं? ती म्हणाली, मला नाही कळलं, आईला कळलं. मी तापात होते.

राजीबद्दलचा नातवाचा प्रश्न ऐकला तेव्हा मला हे आठवलं. मी त्याला म्हटलं, देवीनं हिलाच का निवडलं हे मला सांगता येणार नाही, पण तू दोन गोष्टी बघ. निवडलं असं म्हणतंय कोण? आणि पोरीला नाही म्हणता येतंय का? तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, आजोबा, ती तर भावाला शोधायला निघालीच होती, देवी नंतर आली. मला हे सुचलं नव्हतं. त्रिशूळ हातात आला नसता तरी राजी गेलीच असती. आत्याला मात्र कुठंच जायचं नव्हतं. तिला तापातून उठायचं होतं.

आत्या साठीच्या पुढं गेली तेव्हा अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या दोन बाया तिच्याकडं येऊ लागल्या. त्या चार-पाच वेळा आल्या. पहिल्या खेपेला तिनं त्यांना हाकलून दिलं, दुसऱ्या खेपेला चहा दिला. जट जड झाली होती, मान दुखायची, कुशीवर झोपता यायचं नाही, आत उवा झालेल्या. शेवटी तिनंच दिवस ठरवला. मंगळवार नको म्हणाली, बुधवार चालेल. जट कापली तेव्हा मी तिथं होतो. ती मुळीच रडली नाही. डोक्यावरून सारखा हात फिरवत होती आणि गार लागतंय म्हणत होती. त्यानंतर नऊ वर्षं जगली. दर कोजागरीला तुळजापूरला गेली, पाय होते तोवर चालत, मग एसटीनं. परडी घरी खुंटीला टांगलेली असायची. ती तिनं परत नेली नाही.